कोयता फडात, दहावी घरात

बीडकडे दसरा झाला की कोयते निघतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, टोळीबरोबर कारखान्याच्या गावाला जावंच लागतं. घरी उरतात आजी आणि तिच्यापाशी ठेवलेलं दहावीचं पोर. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तोवर कारखान्याचा पट्टा पडेलच, म्हणजे हंगाम संपेलच, असं नाही. पहिल्या पेपरला निघताना पोर पाया पडतं ते आजीच्याच.

गावाकडचं पोर शिकायचं तर आधी त्याच्या जेवणाचं आणि निजण्याचं कुणीतरी बघावं लागतं. शाहू महाराजांनी हे ओळखलं आणि १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी समाजासमाजाची वसतिगृहं आली. आज ही वाटणी खटकते; त्या काळी सगळ्यांची एकच पंगत म्हटलं असतं तर बोर्डिंग रिकामंच राहिलं असतं. ती पंगत पुढे भाऊराव पाटलांनी बसवली. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावरून त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं आणि महाराजांनी त्यांना आसरा दिला.

१९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची मुलं, एकच चूल. चूल एक असली तरी दाणे कुठून आणायचे? इथे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई येतात. धान्य संपलं तेव्हा दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. भाऊरावांचे पुतळे गावोगाव दिसतात, लक्ष्मीबाईंचं नाव मात्र भाषणात ओघाने येतं तेवढंच. गावातल्या बायकाही मूठमूठ धान्य बाजूला काढून द्यायच्या. त्याला मुष्टिफंड म्हणत. ज्या पोराचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी ती मूठ असायची.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वयापुरता. पोर नववीत गेलं की कायद्याने हात सोडला. नेमकं तेव्हाच ऊस तोडण्याइतकं बळ अंगात आलेलं असतं आणि मुलीसाठी स्थळं यायला लागतात. मुलींसाठी पुढे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून निळ्या एसटी गाड्या आल्या, आठवी ते बारावीसाठी. गाडी सरकारची, पण जादा तास लांबला तर दोन मिनिटं थांबायचं की घंटी मारायची, हे कंडक्टरच्या हातात.

ऊसतोड मजुरांच्या गावांत हंगामी वसतिगृहं निघाली. नावाला वसतिगृह, बऱ्याच ठिकाणी दोन वेळचं जेवण मिळतं आणि पोर झोपायला पुन्हा आजीकडेच येतं. आजीला अक्षर येत नाही. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसते आणि वाचण्याचा आवाज थांबला की आतून विचारते, "का रं, झोपलास का?"