पी. टी. उषा : 55.42 सेकंद आणि किनालूरची शाळा

8 ऑगस्ट 1984 रोजी लॉस एंजेलिसमध्ये महिलांच्या 400 मीटर अडथळा शर्यतीची पहिलीवहिली ऑलिम्पिक अंतिम फेरी झाली. मोरोक्कोची नवल अल मुतवक्कील 54.61 सेकंदांत पहिली, अमेरिकेची ज्युडी ब्राउन 55.20 मध्ये दुसरी, रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू 55.41 मध्ये तिसरी आणि भारताची पी. टी. उषा 55.42 मध्ये चौथी आली. हा शतांश सेकंद आपल्याकडे नशिबाच्या खात्यावर मांडून टाकला जातो. पण उषाने पुढे प्रशिक्षक म्हणून किनालूरच्या आपल्या शाळेत जे काम उभं केलं ते समजून घ्यायचं, तर तो शतांश नेमका कुठे गेला हे आधी पाहायला हवं.

उषाचा जन्म 27 जून 1964 चा, केरळच्या कोझिकोड जिल्ह्यातला. ती वाढली पय्योलीत. 1976 मध्ये केरळ सरकारने कण्णूरला मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला. तिथे ओ. एम. नंबियार यांनी तिला हेरलं आणि कारकिर्दीच्या बहुतेक काळात तेच तिचे गुरू राहिले. 1985 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो नंबियार यांना मिळाला. त्याच यादीत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हेही होते.

उषा मुळात वेगाची धावपटू. 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये ती 16 वर्षांची असताना 100 मीटर धावली. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत 100 आणि 200 मीटरमध्ये तिला रौप्य मिळालं. त्या स्पर्धेत अडथळ्यांचं सुवर्ण केरळच्याच एम. डी. वलसम्माचं होतं, 58.47 सेकंदांत. 1984 पासून ऑलिम्पिकमध्ये महिलांची 400 मीटर अडथळा शर्यत असणार हे नक्की झालं, तेव्हा नंबियार यांनी उषाला तिकडे वळवलं. तिने वलसम्माला हरवलं ते 1984 मध्येच. म्हणजे ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत उभी राहिली तेव्हा या प्रकारात तिच्या गाठीशी मोजक्याच शर्यती होत्या. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीच्या बहिष्कारामुळे काही बलाढ्य नावं तिथे नव्हती, हेही नोंदवायला हवं. सोव्हिएत संघाच्या मार्गारिटा पोनोमार्योवाने त्याच जूनमध्ये 53.58 चा विश्वविक्रम केला होता.

मोजक्या शर्यतींचं ओझं या प्रकारात कसं पडतं, ते गणितात दिसतं. महिलांचा अडथळा 76.2 सेंटिमीटर उंच असतो आणि असे दहा असतात. सुरुवातीपासून पहिला अडथळा 45 मीटरवर, पुढे प्रत्येक दोघांत 35 मीटर आणि शेवटच्यानंतर 40 मीटर मोकळी धाव. 35 मीटरपैकी उडी आणि उतरणं यांत साधारण तीन मीटर जातात, उरलेल्या 32 मीटरमध्ये ठरलेली पावलं बसवायची. 15 पावलं टाकायची तर पाऊल 2.13 मीटरचं लागतं, 16 साठी दोन मीटरचं, 17 साठी 1.88 चं. पावलं विषम असली की दर वेळी तोच पाय पुढे येतो. 16 घेतली की पाय बदलतो, म्हणून दोन्ही पायांनी अडथळा पार करता यायला हवा.

खरी अडचण सहाव्या-सातव्या अडथळ्यापासून सुरू होते. पाय दमले की पाऊल आपोआप आखडतं. प्रत्येक पाऊल फक्त पाच सेंटिमीटरने कमी पडलं, तरी 15 पावलांत 75 सेंटिमीटरची तूट येते. मग अडथळा लांब वाटतो आणि धावपटू एकतर लांबून झेप घेऊन लाकडावर पाय आपटते, नाहीतर ऐन वेळी दोन-तीन बारीक पावलं मारते. अशा एका चुकीत दहावा हिस्सा सेकंद सहज जातो, कधी त्याहून जास्त. उपाय एकच, 15 वरून 16 किंवा 17 वर कुठल्या अडथळ्यानंतर जायचं ते आधीच ठरवून, दमलेल्या पायांनी पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचं. प्रशिक्षक प्रत्येक अडथळ्यापलीकडे पाऊल टेकताक्षणी घड्याळ दाबतात. 55 सेकंदांच्या आसपास धावणारीला पहिल्या अडथळ्यापर्यंत साधारण 6.7 सेकंद लागतात, मधला टप्पा 4.3 पासून वाढत शेवटी पाचच्या वर जातो. ही वाढ कुठे एकदम उडी घेते तिथे बोट ठेवता येतं.

वळणावरचा मुद्दा वेगळा. धाव डावीकडे वळत असल्याने डावा पाय पुढे टाकणारीला लेनच्या आतल्या कडेने धावता येतं. उजवा पुढे टाकणारीचा मागचा, म्हणजे डावा, पाय अडथळ्याच्या बाहेरून आणि वरच्या पातळीच्या खालून गेला तर ती बाद होते.

ही सगळी घोटाई दोन-चार वर्षांची असते, उषाला काही महिने मिळाले. 1985 मध्ये कॅनबेराला ती अडथळ्यांविना 400 मीटर 51.61 सेकंदांत धावली. अडथळ्यांत मुरलेल्या धावपटूंत सपाट आणि अडथळ्यांच्या वेळेतला फरक सर्वसाधारणपणे तीन सेकंदांच्या आसपास असतो, उषाच्या सर्वोत्तम वेळांतला फरक 3.81 चा आहे. माझ्या मते पदक इथे राहिलं. बाकीची कारणंही खरी आहेत. अंतिम फेरीत एकीने आधीच धाव घेतल्याने सुरुवात पुन्हा झाली आणि दुसऱ्या वेळी उषा ब्लॉकमधून किंचित उशिरा सुटली. शेवटच्या रेषेवर छाती पुढे झोकणं कमी पडलं, आणि वेळ धडावरूनच मोजली जाते. त्या वेगाला शतांश सेकंद म्हणजे अवघे सात सेंटिमीटर. ऑलिम्पिकनगरीत तांदळाची पेज आणि लोणच्यावर दिवस काढल्याचंही तिने पुढे मुलाखतीत सांगितलं.

पुढची दोन वर्षं आशियात तिचीच होती. 1985 च्या जकार्ता आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णं आणि एक कांस्य, 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत चार सुवर्णं आणि एक रौप्य. दोन्हीकडे अडथळ्यांचं सुवर्ण त्यात होतं. 1988 च्या सोल ऑलिम्पिकला ती टाचेच्या दुखापतीसह गेली आणि प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. लग्न आणि मुलानंतर परतून 1998 मध्ये फुकुओकाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही तिने पदकं मिळवली. 2000 मध्ये थांबली.

उषा स्कूल ऑफ ॲथलेटिक्स 2002 मध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या कोयिलांडीत सुरू झालं. नंतर राज्य सरकारने किनालूरला सुमारे 30 एकर जमीन दिली. चाचण्या घेऊन लहान वयाच्या मोजक्याच मुली निवडायच्या, त्यांचं राहणं, जेवण, शिक्षण आणि सराव एकाच आवारात ठेवायचा, ही तिथली पद्धत. 1984 मध्ये स्वतःला जे मिळालं नव्हतं, ते पहिल्या दिवसापासून द्यायचं हा त्यामागचा विचार मला तरी स्पष्ट दिसतो. सिंथेटिक ट्रॅक मात्र 2017 मध्ये झाला, म्हणजे शाळा 15 वर्षांची झाल्यावर.

शाळेचं सर्वात मोठं यश अडथळ्यांत नाही, 800 मीटरमध्ये आलं. टिंटू लुकाने 2010 मध्ये क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात 1:59.17 अशी वेळ देऊन शायनी विल्सनचा 1995 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, 2015 मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. तिच्या धावण्यात एक खोट सतत दिसायची. ती पहिला लॅप फार वेगात घ्यायची आणि शेवटच्या 150 मीटरमध्ये मागच्या तिला गाठायच्या. आघाडीवरून धावणारीला कोणाच्या आडोशाने धावता येत नाही, वारा तिनेच कापायचा असतो. मागे राहून धावायची सवय तिला आणखी लवकर लागायला हवी होती असं वाटतं. तरीही 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ती उपांत्य फेरीपर्यंत गेली. जिस्ना मॅथ्यू ही त्याच शाळेची, 400 मीटर आणि रिलेची धावपटू.

अडथळ्यांतला 55.42 चा राष्ट्रीय विक्रम 39 वर्षं एकट्या उषाच्या नावावर राहिला. 2 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझू आशियाई स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत तमिळनाडूच्या वित्या रामराजने अगदी तीच वेळ नोंदवली. तेव्हा उषा भारतीय ऑलिम्पिक संघटनेची अध्यक्ष होती. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत वित्या 55.68 मध्ये धावली आणि तिला कांस्य मिळालं.