खड्ड्यातलं पाणी कुणाचं? वाळूच्या खाणींचे जलसाठे कसे झाले

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहर सोडून उत्तरेला निघालं की साउथ प्लॅट नदीच्या काठाने एकामागून एक तलाव लागतात. त्यातले बरेचसे एके काळी वाळू-गोट्यांच्या खाणी होते. रॉकी पर्वतातून हिमयुगात वाहून आलेले गोटे आणि वाळू नदीलगत पसरून त्यांचा कित्येक मीटर जाडीचा थर तयार झाला. शहर वाढत गेलं तसा हा थर रस्त्यांत, पुलांत आणि इमारतींच्या पायात गेला. मागे खड्डे उरले. नदीकाठी भूजल वरच असतं, त्यामुळे खाण संपून पंप बंद झाले की हे खड्डे आपोआप भरले.

भरलेला खड्डा पाहिला की पाणी साठलंय असंच वाटतं. पण वाळूतून ते एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने निघून जातं. नदी उतरली की तळंही उतरतं. खाणीने केलेलं असतं एवढंच, की भूजलावरचं झाकण काढलेलं असतं. या कोरड्या प्रदेशात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने वर्षाला सुमारे एक मीटर घटते. वाळूखाली झाकलेलं पाणी उन्हात उडून जायला लागतं, आणि त्या पाण्यावर आधीच कुणाचा तरी हक्क असतो.

कोलोरॅडोच्या १८७६ च्या राज्यघटनेतच हे तत्त्व आहे: ज्याने पाणी आधी वापरात आणलं, त्याचा हक्क आधी. त्यामुळे खाणीच्या खड्ड्यातून उडालेलं पाणी म्हणजे खालच्या अंगाला जुना हक्क असलेल्या शेतकऱ्याच्या पाटातून गेलेलं पाणी. हा वाद 'थ्री बेल्स रँच' खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की भूजल उघडं पाडणारा खाणीचा खड्डा कायद्याच्या लेखी विहीरच आहे. विहीर म्हटली की परवाना आला, आणि उडालेल्या पाण्याची भरपाईही आली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने १ जानेवारी १९८१ पूर्वी उघड्या पडलेल्या खड्ड्यांना भरपाईतून सूट दिली, नंतरच्यांना दिली नाही.

माझ्या मते खाणीपासून जलसाठ्यापर्यंतच्या प्रवासात हा निकाल सगळ्यात महत्त्वाचा आहे. खड्डा उघडा टाकून निघून जाणं आता परवडेनासं झालं. दरवर्षी कुठून तरी पाणी आणून नदीला परत द्यायचं, खड्डा बुजवायचा, किंवा भूजलापासून तो कायमचा तोडायचा, एवढेच मार्ग राहिले.

तोडायचं तंत्र बांधकामात आधीपासून होतं. खड्ड्याभोवती साधारण मीटरभर रुंदीचा चर खणतात, थेट वाळूखालच्या चिकणमातीच्या खडकापर्यंत. सुट्या वाळूत उभा चर टिकत नाही, म्हणून खणतानाच तो पाणी आणि बेंटोनाइट मातीच्या काल्याने काठोकाठ भरलेला ठेवतात. काल्याच्या दाबाने चराच्या बाजू ढासळत नाहीत, आणि काला वाळूत थोडा मुरून त्यांच्यावर पातळ साय धरते. लांब हाताचं खोदयंत्र वर येतं तेव्हा बकेटमध्ये गोट्यांऐवजी राखाडी खडकाचे तुकडे दिसायला लागले, की चर तळाला पोहोचला. तरीही आणखी थोडं खाली जावं लागतं. चरात उभी राहणारी भिंत खडकात नीट रुतली नाही तर तिथूनच गळणार. मग माती आणि बेंटोनाइटचं मिश्रण चरात ढकलत काला पुढे सारत जातात; हे मिश्रण म्हणजेच पाणी अडवणारी भिंत. जमिनीवरून यातलं काहीच दिसत नाही. भिंत खरंच धरते का, हे दीर्घ गळती-चाचणीत आत येणारं पाणी मोजून ठरवतात. ती पार पडली की खड्डा कायद्याच्या दृष्टीने विहीर राहत नाही, जलसाठा होतो.

मागणीही त्याच सुमारास आली. डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला टू फोर्क्स नावाचं मोठं धरण व्हायचं होतं, साठा सुमारे १३५ कोटी घनमीटर. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९० मध्ये ते नाकारलं. मग शहरांची नजर नदीकाठच्या खड्ड्यांकडे वळली. एकेक खड्डा त्या धरणापुढे अगदीच लहान, पण जमीन आधीच खणलेली, आणि पाणी जमिनीच्या पातळीखाली असल्याने बांध फुटण्याची भीती फारशी नाही. पाणी बाहेर काढायला मात्र पंप लागतात.

शिवाय खड्ड्यांची जागा सोयीची होती. डेन्व्हर बरंच पाणी डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून बोगद्याने आणतं. असं परक्या खोऱ्यातलं पाणी आणणाऱ्याला संपेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरता येतं. एकदा वापरलेलं पाणी शुद्ध होऊन शहराच्या खालच्या अंगाला नदीत येतं, आणि खड्डे तिथेच आहेत. ते पाणी तिथे अडवायचं, खालच्या हक्कदाराला सोडायचं आणि बदल्यात तेवढंच ताजं पाणी वरच्या अंगाला घ्यायचं. २००२ च्या दुष्काळानंतर तर या साठ्यांची किंमत सगळ्यांनाच कळली.

एक प्रश्न मात्र भिंतींनीच उभा केला. नदीकडे सरकणारं भूजल या न दिसणाऱ्या भिंतीला अडतं. वरच्या बाजूला ते चढतं, खालच्या बाजूला उतरतं. वरच्या घरांच्या तळघरात ओल येऊ शकते, खालची उथळ विहीर आटू शकते. एका भिंतीने फारसं बिघडत नाही. पण खड्डे शेजारी-शेजारी असतात आणि भिंतीमागे भिंत उभी राहते, म्हणून भूजलाला वाट काढून देणारे निचऱ्याचे चरही आता भिंतीसोबतच आखावे लागतात.