बांधाची उंची

आषाढातल्या अमावास्येची भरती दुपारी चढत होती आणि आमच्या गोव्यातल्या खाजनाच्या, म्हणजे भरतीच्या नदीकाठच्या सखल भातशेतीच्या, बांधातून आतल्या बाजूला पाणी येत होतं. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण हे पाणी गढूळ होतं. शेजारचे काका ते बघून थबकले. पाणी गढूळ येतं तेव्हा ते बांधाची माती बरोबर घेऊन येत असतं. काकांनी नदीच्या बाजूला पेंढ्याचे मूठभर तुकडे टाकले. एका जागी ते गोल फिरायला लागले. कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ तिथेच होतं.

"आतून नको रे, बाहेरून घाल," काका म्हणाले. आतून चिखल थापला तर पाण्याचा दाब तो ढकलून देतो. नदीच्या बाजूने घातला तर तोच दाब गोळा बिळात घट्ट बसवतो. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, लाकडी दारही असंच चालतं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा ते मिटतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी रेटतं तेव्हा उघडतं. दिवसातून दोनदा, विजेशिवाय.

एका बिळाने काय होतं, याचा ढोबळ हिशेब मी घरी येऊन केला. बीळ ५ सेंटीमीटर रुंद आणि दोन मीटर लांब, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा अर्धा मीटर उंच. मातीचं घर्षण धरूनही सेकंदाला सुमारे ३ लिटर पाणी आत येतं, म्हणजे तासाला १० हजार लिटरच्या वर. पाण्याचा खारेपणा लिटरला २० ग्रॅम धरला, तर तासाभरात २०० किलो मीठ शेतात. पन्नास किलोची चार पोती! शिवाय वाहतं पाणी बिळाच्या कडा खात जातं, बीळ रुंदावतं, रुंदावलं की पाणी वाढतं. सकाळी हाताएवढं असलेलं बीळ रात्रीच्या भरतीला भगदाड होऊ शकतं.

मिठाच्या मातीत भाताचं मूळ पाण्यात उभं असून तहानलेलं राहतं, कारण बाहेरचं पाणी मुळातल्या रसापेक्षा खारट झालं की ते ओढून घेणं मुळाला जड जातं. आमचं कोरगूट भात इतर भातांपेक्षा बराच खार सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहेच. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. तिचा पुष्कळ भाग भरतीच्या पातळीखाली आहे. बांध आहे म्हणून ती शेती.

आता मला खरं सांगायचं आहे ते बांधावर कोण येतं याबद्दल.

देवळाच्या फंडपेटीत शंभर जणांनी पैसे टाकले आणि मी टाकले नाहीत, तर पेटी थोडी हलकी राहते, एवढंच. बांधाचं तसं नाही. शंभर जणांनी आपापला तुकडा मीटरभर उंच केला आणि माझाच हातभर बुटका राहिला, तर नदीच्या दृष्टीने अख्खा बांध हातभर बुटका. जॅक हर्शलायफर या अर्थशास्त्रज्ञाने १९८३ साली नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं: एक गोल बेट, प्रत्येकाच्या वाट्याला किनाऱ्याचा एक तुकडा, आणि बेटाची सुरक्षा सगळ्यात बुटक्या तुकड्याएवढी. त्याचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. पेटीत इतरांनी जास्त टाकलं की माझ्या पैशाची गरज कमी होते. बांधावर इतरांनी जास्त केलं की माझ्या घमेल्याची किंमत उलट वाढते.

मग सगळे का येत नाहीत? १९९० साली व्हॅन ह्युक, बॅटालियो आणि बाइल या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. प्रत्येकाने १ ते ७ मधला आकडा निवडायचा. आकडा म्हणजे कष्ट, आणि फळ मात्र गटातल्या सगळ्यात लहान आकड्यावरून. सगळ्यांनी ७ निवडला तर सगळ्यांचंच भलं. तरीही १४ ते १६ जणांचे गट काही फेऱ्यांतच १ वर घसरले. आळसापेक्षा भीतीच जास्त: कोणीतरी एक जण कमी करेल, मग माझे कष्ट पाण्यात. तेच लोक दोघा-दोघांनी खेळले, तेव्हा बहुतेक जोड्या ७ वर पोहोचल्या.

हे वाचल्यावर गावकरीची, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या गावसंस्थेची, जुनी रीत मला नव्याने दिसली. पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत इथल्या गावकरीचे रिवाज लिहून काढले, म्हणजे रीत त्यापेक्षा जुनी. बांधाची जबाबदारी गावाची, आणि गावच्या उत्पन्नात वाटाही गावाचाच. मानशीजवळच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव होई आणि तो पैसा बांधाच्या कामी येई. राखणीला माणूस असे, त्यामुळे कोणाचा तुकडा खचला हे लपत नसे. गर्दीतही एकमेकांचा भरवसा टिकावा, अशीच ही बांधणी. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरच्या सामाईक मालमत्तांचा अभ्यास करून हेच मांडलं: आपले नियम आपण ठरवणारी आणि एकमेकांवर नजर ठेवणारी गावं सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता दुखणं वेगळं आहे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाले, ते मिळायलाच हवे होते. पण बांध कोणाचा, हा प्रश्न अनेक गावांत अर्धवट राहिला. किती शेतं पड आहेत. मालक परदेशात, मुलं नोकरीला. ज्याचं शेत पड, त्याला बांधाचं काय? पण त्याच्या समोरचा तुकडा खचला की कसणाऱ्याच्या शेतातही खारं पाणी शिरतं.

म्हणून आम्ही यंदा एक केलं. बांधाचे छोटे छोटे टप्पे पाडले, एका टप्प्याला पाच-सहा घरं. कोणी किती काम केलं ते शेजाऱ्याला समोरच दिसतं. त्या अमावास्येला आलेल्यांपैकी दोघांची शेतं कित्येक वर्षं पड आहेत. एकाने पेंढा आणला होता, दुसरा कमरेपर्यंत नदीत उतरून बीळ बुजवत होता. गढूळ पाणी आधी नितळ झालं, मग थांबलं. काकांनी पाय दाबून बघितला आणि पौर्णिमेची भरती किती वाजता, ते विचारलं.