कॉम्प्युटेशनल डिझाइन संशोधन

कॉम्प्युटेशनल डिझाइन म्हणजे इमारत थेट काढत न बसता ती कशी ठरेल याचे नियम लिहायचे, मग आकडे बदलले की ड्रॉइंग आपोआप बदलतं. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर प्लॅन काढणं म्हणजे हे नव्हे, पुण्यातल्या बऱ्याच ऑफिसांत अजून दोन्ही एकच समजतात. ऑटोकॅडमधली रेघ ही नुसती रेघ असते, इथे मात्र खिडकी भिंतीच्या लांबीला बांधून ठेवली की भिंत ओढल्यावर खिडकीही सरकते. आणि हे नियम कुठले, ते प्रत्यक्षात टिकतात का, हे तपासणं म्हणजे यातलं संशोधन.

कल्पना कॉम्प्युटरहून जुनी आहे. गौदी या स्पॅनिश आर्किटेक्टनं कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी छताला दोऱ्या टांगून त्यांना छर्ऱ्यांच्या छोट्या पिशव्या लटकवल्या होत्या, एक पिशवी हलवली की आजूबाजूच्या सगळ्या दोऱ्या नवा आकार घ्यायच्या, आणि ते सगळं उलटं बघितलं की कमानी तयार! जर्मन आर्किटेक्ट फ्राय ओटोनं साबणाच्या पातळ पडद्यांवरून तंबूसारख्या छपरांचे आकार शोधले. स्क्रीनवर हे आलं १९६३ साली, एमआयटीत आयव्हन सदरलंडनं केलेल्या स्केचपॅड या प्रोग्रॅममधून. पण सर्वसामान्य आर्किटेक्टच्या हातात आलं ते २००७ नंतर, राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरसोबत चालणाऱ्या ग्रासहॉपरमुळे, कारण त्यात कोड टाइप करावा लागत नाही, स्क्रीनवरचे डबे वायरनी जोडायचे आणि स्लायडर सरकवायचे.

कॉलेज आणि ऑफिस यांचं मात्र जरा सासू-सुनेसारखं आहे. याच विषयाची अमेरिकेतली ॲकेडिया ही संस्था १९८१ ची, युरोपातली ईकेड १९८३ ची, श्टुटगार्ट आणि झुरिकच्या विद्यापीठांत तर यासाठी वेगळे विभागच आहेत. ऑफिसांत ब्रिटिश आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरच्या फर्मनं १९९८ मध्ये यासाठी स्पेशलिस्ट मॉडेलिंग ग्रुप काढला. कॉलेजात प्रश्न वर्षभर चघळता येतो, ऑफिसात शुक्रवारी क्लायंट येणार असतो, त्यामुळे ऑफिसात केलेलं बरंचसं लिहूनच ठेवलं जात नाही आणि पुढच्या प्रोजेक्टला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुण्यासाठी सगळ्यात कामाचा विषय मला ऊन वाटतो. उत्तरेच्या खिडकीला छज्जा नको, तिथे ऊन येतच नाही, असं सर्रास म्हणतात. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य थोडा उत्तरेलाच असतो (शून्य सावलीचे दोन दिवस याच काळाच्या दोन टोकांना येतात), आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर मार्चअखेरपासूनच उत्तरेच्या भिंतीवर येतं. जून-जुलैत ढग असतात ते सोडा, पण मे महिन्यात हे जाणवतं. ग्रासहॉपरला जोडायच्या लेडीबग नावाच्या प्लगइनमध्ये हवामानाची फाइल टाकली की वर्षाच्या ८७६० तासांतलं ऊन त्या खिडकीवर मांडून बघता येतं, मग छज्जा दीड फूट की दोन फूट यावर वाद घालायला निदान काहीतरी हाताशी असतं. दुसरा वापर कमी देखणा: पुण्यातल्याच सॉफ्टटेकचं ऑटोडीसीआर सॉफ्टवेअर प्लॅन वाचून तो बांधकाम नियमांत बसतो का ते तपासतं. याला कुणी डिझाइन म्हणत नाही, पण नियम लिहून कॉम्प्युटरकडे सोपवणं हेच तर आहे ना.

विटांच्या जाळीत खरी गंमत होते. स्वित्झर्लंडमधल्या गांटेनबाइन वायनरीत २००६ मध्ये ग्रामाझिओ आणि कोहलर या आर्किटेक्ट जोडीनं रोबोटकडून एकेक वीट ठरलेल्या कोनात बसवून घेतली, तीही साइटवर नाही, झुरिकच्या वर्कशॉपमध्ये पॅनेल करून. आपल्याकडे भट्टीची वीट, एक दुसरीसारखी नाही. एका छोट्या भिंतीसाठी मी प्रत्येक विटेला वेगळा कोन देणारी स्क्रिप्ट केली होती, प्रिंटवर प्रत्येक विटेचा नंबर आणि कोन, एकदम झकास. गवंडी काका बराच वेळ कागद बघत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हे वाचू का वीट लावू?" तिसऱ्याच थरात सांधे पुढेमागे झाले, कारण स्क्रिप्टमधली वीट सगळीकडे सारखी होती. मग कोन पाचच ठेवले, प्रत्येकाचा प्लायवूडचा फर्मा कापून त्याला वेगळा रंग दिला, विटेच्या मापात फरक धरून सांधा जाड केला, आणि काकांच्या हातात ड्रॉइंगऐवजी रंगांचा तक्ता दिला.