वारसा-फसवणुकीचे ई-मेल

परदेशात मरण पावलेल्या कुणा धनाढ्य व्यक्तीची बेवारस संपत्ती तुमच्या नावे होणार आहे असे ई-मेलने कळवायचे आणि ती मोकळी करण्याच्या नावाखाली आधी पैसे उकळायचे, असा हा फसवणुकीचा प्रकार आहे. अग्रिम शुल्क फसवणूक या मोठ्या वर्गात तो मोडतो. लॉटरी, परदेशी नोकरी आणि विमानतळावर अडकलेले पार्सल हे त्याच वर्गातील इतर परिचित प्रकार. मुंबईच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या ‘सायबर भामट्यांनी गंडा घातला’ अशा सर्वसाधारण मथळ्याखाली येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वर्गवारीतही याला स्वतंत्र रकाना नाही.

उगम : या युक्तीचा माग बहुधा ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रांपर्यंत नेला जातो. स्पेनच्या तुरुंगात खोट्या नावाने अडकलेला सरदार, त्याची निराधार मुलगी, पुरून ठेवलेली पेटी आणि सुटकेसाठी हवी असलेली थोडी रक्कम, असा या पत्रांचा ठराविक साचा. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीचा असल्याचे वारंवार लिहिले जाते. मात्र भक्कम लेखी पुरावा त्यानंतर बऱ्याच काळाने, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आढळतो. आधी गुन्हेगार आणि पुढे पॅरिसच्या पोलीस खात्यात गुप्तहेर झालेला यूजीन व्हिडॉक याच्या आठवणी १८२८ पासून प्रसिद्ध झाल्या. कैद्यांनी तुरुंगातून लिहिलेल्या ‘जेरुसलेमच्या पत्रां’चे त्यात वर्णन आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पळताना लपवलेला मालकाचा ऐवज सोडवायला पैसे हवेत, असे या पत्रांत एखादा नोकर कळवी. शंभर पत्रांपैकी वीसांना उत्तर येई, असा व्हिडॉकचा दावा आहे. तो अतिशयोक्त असण्याची शक्यता गृहीत धरली तरी, पत्रे मोठ्या संख्येने पाठवून थोड्या उत्तरांवर धंदा चालवण्याची रीत तेव्हाच रूढ झाली होती असे म्हणता येते.

दुसरे मत या प्रकाराचा आरंभ पश्चिम आफ्रिकेत शोधते. १९२० च्या सुमारास पी. क्रेंटसिल नावाच्या इसमाने नायजेरियातून गोल्ड कोस्ट म्हणजे आजच्या घानातील व्यक्तीला शुल्काच्या बदल्यात चमत्कारी साहाय्य देऊ करणारी पत्रे लिहिली होती. इतिहासकार स्टीफन एलिस यांनी या प्रकरणाकडे लक्ष वेधले. त्या पत्रांत वारशाचा विषय नव्हता, त्यामुळे त्यांना थेट पूर्वज मानणे कठीण. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळल्यावर नायजेरियातून टपाल, टेलेक्स व फॅक्सद्वारे अशा पत्रांचा ओघ वाढला आणि तेथील फौजदारी संहितेच्या कलमावरून ‘४१९’ हे नाव जगभर रुळले. (भारतीय दंड संहितेतही ४१९ हे कलम फसवणुकीचेच, तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीचे, होते. हा योगायोग असून त्यातून पुष्कळदा गल्लत होते.)

वारशाच्या अंगाने पाहिल्यास सर फ्रान्सिस ड्रेक याच्या इस्टेटीचे प्रकरण अधिक जवळचे ठरते. ड्रेक १५९६ मध्ये वारला. त्याची अफाट संपत्ती ब्रिटिश सरकारने दाबून ठेवली आहे, कोर्टखर्चाला वर्गणी द्या आणि वाटेकरी व्हा, असे सांगून अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ऑस्कर हार्टझेल याने १९२० च्या दशकात हजारो लोकांकडून पैसे गोळा केले. १९३३ मध्ये टपाली फसवणुकीबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. आडनावाचा धागा, परदेशी कायद्याची भीड आणि ‘निकाल आता लागतोच आहे’ ही सततची आशा, हे आजच्या ई-मेलचे तिन्ही घटक येथे एकत्र दिसतात. वंशावळ देशानुसार लावण्यापेक्षा या घटकांवरून लावणे अधिक योग्य वाटते. त्याचा व्यावहारिक उपयोगही आहे, तो पुढे येईल.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्या पहिल्या शहरांत मुंबई होती. वारशाचे ई-मेल येथे नेमके केव्हापासून येऊ लागले याची नोंद आढळत नाही. फुकट ई-मेल खाती आणि सायबर कॅफे यांचा प्रसार झाल्यानंतरचा काळ, म्हणजे १९९० च्या दशकाचा शेवट, हा अंदाज ग्राह्य धरता येईल.

कार्यपद्धती : पहिला संदेश एखाद्या ‘बॅरिस्टर’चा किंवा बँक अधिकाऱ्याचा असतो. विमान अपघातात किंवा आजाराने वारलेल्या अशिलाचे आडनाव तुमच्याच आडनावाशी जुळते, रक्कम लक्षावधी डॉलरची, मुदत थोडी आणि ‘कुणाला सांगू नका’ ही विनंती ठरलेली. पाटील, शेट्टी, डिसूझा अशी आडनावे असंख्य घरांत असल्याने जुळणी सोपी जाते. घरातला कुणी आखाती देशांत, कुणी बोटीवर, कुणाचे आजोबा नैरोबी किंवा झांजीबारला, असे मुंबईत सर्रास आढळते. त्यामुळे विसरलेला चुलता परदेशात वारल्याची गोष्ट येथे अशक्य वाटत नाही.

उत्तर गेले की मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, दहशतवादविरोधी ना-हरकत पत्र असे बनावट कागद येऊ लागतात. मग नोंदणी शुल्क, मुद्रांक, वारसा कर, चलन बदलण्याचा खर्च. प्रत्येक हप्ता ‘शेवटचा’. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय फोर्टमध्येच असल्याने तिच्या लेटरहेडवरील, गव्हर्नरच्या सहीचे पत्र मुंबईकराला विशेष खरे वाटते. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती उघडत नाही आणि कुणाचाही निधी मोकळा करण्यासाठी पैसे मागत नाही, असे तिने वारंवार जाहीर केले आहे. भारतात मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला. तेव्हा ‘भारत सरकारचा वारसा कर’ भरण्याची मागणी मुळातच निराधार ठरते.

आगाऊ शुल्काची मागणी मुंबईतील सुशिक्षित माणसालाही का खटकत नाही, याचा विचार फारसा झालेला नाही. मुंबई उच्च न्यायालयात मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, घेताना मालमत्तेच्या मूल्यावर कोर्ट फी भरावी लागते, आणि ती प्रोबेट हाती पडण्याआधी. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालील वारस दाखला, सोसायटीतील खोली नावावर करणे, चाळीच्या पुनर्विकासात हक्क सिद्ध करणे, या सगळ्यांत कागद आणि पैसा आधी, ताबा नंतर, असाच क्रम असतो. हा अनुभव घेतलेल्या माणसाला ‘आधी फी’ स्वाभाविक वाटते. म्हणून ‘लोभापायी फसला’ हा नेहमीचा शेरा अन्यायकारक आहे. फरक पैसे कुठे जातात यात आहे : कोर्ट फी सरकारी तिजोरीत पावतीसह जमा होते, कुणाच्या बचत खात्यात नव्हे. इंग्लंडमधील खऱ्या वारसा प्रकरणात तर प्रशासनाचा खर्च साधारणपणे इस्टेटीतूनच वळता होतो.

ओळख : देशावरून पडलेले ‘नायजेरियन मेल’ हे रूढ नाव सावधगिरीच्या दृष्टीने घातक आहे. ते वाचून लोक परदेशी नाव, परदेशी नंबर, मोडके इंग्रजी शोधतात. प्रत्यक्षात पैसे भरायला दिलेले खाते बहुधा भारतीय बँकेतले असते, कुणा तिऱ्हाइताचे, भाड्याने घेतलेले. पोलीस त्याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. परदेशी पैसे पाठवताना बँक कारण विचारते, परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली अर्ज भरून घेते. देशांतर्गत यूपीआय किंवा आयएमपीएसमध्ये हा अडथळा नाही. फोनवर बोलणारा ‘कस्टम अधिकारी’ हिंदीत, क्वचित मराठीतही बोलतो. विचित्र, अशुद्ध पत्रे मुद्दाम तशीच ठेवली जातात, कारण त्यांतून फक्त भोळे उत्तरकर्तेच उरतात, असा तर्क मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये मांडला. तो काळाच्या मर्यादेत खरा असावा. आता यंत्राकडून निर्दोष मजकूर लिहून मिळतो, त्यामुळे शुद्धलेखनावरून पारख करणे सोडून द्यावे.

तांत्रिक तपासणीत प्रथम प्रेषकाचे दिसणारे नाव आणि खरा पत्ता वेगळे पाहावेत. उत्तर जाण्याचा पत्ता तिसराच असू शकतो. जीमेलसारख्या सेवेत मूळ संदेश उघडल्यास, तो कोणत्या सर्व्हरमधून आला हे दाखवणाऱ्या ‘रिसीव्ह्ड’ या ओळी खालून वर वाचायच्या असतात. त्यांतील सर्वांत खालच्या ओळी बनावट असू शकतात. आपल्या स्वतःच्या सेवेने नोंदवलेली ओळ तेवढी भरवशाची. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या प्रेषकाचा पत्ता पडताळणाऱ्या चाचण्यांत ‘पास’ लिहिलेले असले, तर संदेश त्याच डोमेनवरून (पत्त्यातील @ नंतरच्या नावावरून) आला एवढेच सिद्ध होते. भामट्याने जीमेलवरून पाठवलेला मेल या तिन्हींत सहज उत्तीर्ण होतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन लागू केले, त्याने बनावट बँक-पत्ते ओळखणे सोपे झाले आहे.

वकिलाचे नाव खरे निघाले म्हणून मेल खरा ठरत नाही, कारण खऱ्या सॉलिसिटरची (इंग्लंडमधील वकिलांचा एक वर्ग) नावे सर्रास उचलली जातात. इंग्लंड-वेल्समधील सॉलिसिटरची नोंद तेथील नियामक संस्थेच्या यादीत पाहता येते. संपर्क यादीतल्या पत्त्यावर करावा, मेलमधल्या नव्हे. १८५८ पासूनच्या प्रोबेटचा शोधही तेथील सरकारी संकेतस्थळावर घेता येतो. शिवाय इंग्लंडच्या कायद्यात मृत्युपत्र नसल्यास वारसा नात्याने ठरतो, आडनावाच्या साम्याने नव्हे, भारतातही तसेच.

कायदा व तक्रार : १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८ (फसवणूक) व ३१९ (तोतयेगिरी) आणि आधीपासूनचे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड येथे लागू होतात. पैसे गेल्याबरोबर १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते. मुंबईत विभागवार सायबर पोलीस ठाणी आहेत, तरी जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारा, रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेला नियम येथे सहसा उपयोगी पडत नाही, कारण पैसे ग्राहकानेच पाठवलेले असतात. पॅन, आधार किंवा पासपोर्टची प्रत दिली असेल तर बँकेला तेही सांगावे. त्या कागदांवर नवे भाड्याचे खाते उघडले जाण्याचा धोका असतो. ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असा पुढे येणारा फोन हा त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्यांचा असू शकतो.

भारतातील बँकांत नातलगांची खरोखरच दावा न केलेली ठेव आहे का, हे पाहण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ पोर्टल ऑगस्ट २०२३ पासून उपलब्ध आहे. शोधाला शुल्क नाही, दावा मात्र संबंधित बँकेतच करावा लागतो.