सातवा महिना म्हणजे सप्टेंबर: क्वेकर दफ्तरांतून घराणं शोधताना

पेनसिल्व्हेनियात ग्विनेड इथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत स्क्वायर बून आणि सारा मॉर्गन यांचं लग्न झालं. दाखल्यावर तारीख आहे 'सातव्या महिन्याचा तेविसावा दिवस, १७२०'. या जोडप्याचा मुलगा डॅनियल बून पुढे अमेरिकेच्या सरहद्दीवरचा शिकारी आणि वाटाड्या म्हणून गाजला. त्यामुळे या घराण्याची वंशावळ असंख्यदा छापली गेली आणि तिच्या कित्येक प्रतींत हे लग्न २३ जुलैला लागलेलं दिसतं. प्रत्यक्षात ते लागलं २३ सप्टेंबरला. दाखला खरा, नक्कल अचूक, चूक फक्त 'सातवा' या शब्दाच्या अर्थाची. क्वेकर कागदपत्रांत घराणं शोधणारा बहुतेक जण पहिली ठेच इथेच खातो. हे लोक महिन्यांना आकडे का देत होते, याचं उत्तर त्यांच्या पंथाच्या जन्मकथेत सापडतं.

जॉर्ज फॉक्सचा जन्म १६२४चा, इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमधला, विणकराच्या घरातला. ईश्वराचा प्रकाश प्रत्येकाच्या आत असतो, त्यासाठी पाद्री लागत नाही, चर्चची इमारत लागत नाही, हे तो गावोगाव सांगत फिरला. १६५० साली डर्बीच्या न्यायाधीशासमोर त्याने 'देवाच्या शब्दापुढे थरथरा' असं सुनावलं, तेव्हा न्यायाधीशाने कुचेष्टेने त्यालाच 'थरथरणारा', म्हणजे क्वेकर म्हटलं. ही मंडळी स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणत. टोपणनाव मात्र कायमचं चिकटलं. १६५२मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये त्याला मोठा अनुयायीवर्ग मिळाला आणि अल्व्हर्स्टनजवळचा, मार्गारेट फेल या अनुयायी स्त्रीचा स्वार्थमूर हॉल हा वाडा चळवळीचा मुक्काम बनला.

त्यांच्या वागण्यातली एक गोष्ट मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा चटकन कळेल. त्या काळच्या इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद जिवंत होता. क्वेकर सरसकट सगळ्यांना एकेरीत बोलत: न्यायाधीशाला 'तू', जमीनदाराला 'तू', बापालाही 'तू'. कोर्टात डोक्यावरची हॅट काढत नसत. भर कचेरीत मामलेदाराला अरे-तुरे केल्यावर जे होईल तेच व्हायचं, म्हणजे दंड किंवा तुरुंग. शपथही घेत नसत, कारण खरं बोलायचं ते रोजच, शपथेपुरतं नव्हे. याचा फटका वंशावळ शोधणाऱ्याला आजही बसतो. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायला शपथ लागे, त्यामुळे सुरुवातीच्या काळातल्या क्वेकरांची काही मृत्युपत्रं त्या दफ्तरात पोचलीच नाहीत. १६९६च्या कायद्याने शपथेऐवजी 'प्रतिज्ञापूर्वक कथन' चालू लागलं. एखाद्या मृत्युपत्रावर 'शपथ घेतली'च्या जागी असं कथन दिसलं, तर ती व्यक्ती क्वेकर असण्याची शक्यता मोठी.

आठवड्याच्या वारांची आणि महिन्यांची इंग्रजी नावं परधर्मीय देवांवरून आली, म्हणून तीही टाकली. रविवार झाला पहिला दिवस आणि मार्च झाला पहिला महिना. इंग्लंडात तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून मार्चपासून मोजणी. यातून सप्टेंबर ते डिसेंबर ही चार नावं मात्र सुटली, कारण ती देवांची नसून आकड्यांचीच आहेत. मराठी वाचकाला तर कोष्टक पाठ करायचीही गरज नाही: सप्त-सप्टेंबर, अष्ट-ऑक्टोबर, नव-नोव्हेंबर, दश-डिसेंबर. तिथून पुढे अकरावा जानेवारी, बारावा फेब्रुवारी. मागे मोजलं की सहावा ऑगस्ट, तिसरा मे.

हे गणित १७५१च्या अखेरीपर्यंत. ब्रिटिश संसदेने पंचांग बदललं आणि १ जानेवारी १७५२पासून जानेवारी हाच पहिला महिना झाला. लंडनच्या वार्षिक सभेने, म्हणजे क्वेकरांच्या सर्वांत वरच्या सभेने, त्याप्रमाणे सूचना काढली. म्हणून क्वेकर नोंदींत १७५१ सालाला अकरावा आणि बारावा महिनाच नाही. दहाव्यानंतर थेट १७५२चा पहिला. त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, ते अकरा दिवस वेगळे. १ जानेवारी ते २४ मार्च या टापूतल्या जुन्या तारखांना '१७२०/२१' असं जोडसाल लिहिण्याची पद्धत होती. सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदांत शिवाजी महाराजांची पहिली स्वारी जानेवारी '१६६३/६४'ची दिसते, तोच हा प्रकार. जोडसाल नसेल तर स्वतः ठरवावं लागतं. मार्चचे पहिले २४ दिवस सर्वांत अवघड: काही लेखनिक पहिला महिना लागताच साल बदलत, काही २५ तारखेपर्यंत थांबत. अशा वेळी त्याच वहीतल्या मागच्या-पुढच्या नोंदी बघून लेखनिकाची सवय ओळखायची.

चूक कशी अंगाशी येते बघा. समजा, वकिलाने लिहिलेल्या मृत्युपत्रावर २० डिसेंबर १७२० आहे आणि दफनाच्या क्वेकर नोंदीत '१५, अकरावा महिना, १७२०'. अकरावा म्हणजे नोव्हेंबर धरला, तर मेलेल्या माणसाने महिनाभराने सही केली असं ठरतं. मग संशोधक एकाच नावाची दोन माणसं कल्पितो आणि वंशावळीत एक भुताटकी कायमची वस्तीला येते. खरी दफनतारीख १५ जानेवारी १७२१.

हाती मूळ वही नसून टंकलेली सूची असेल, तर महिने आधीच बदलून घेतलेत का, हा प्रश्न उरतो. बदललेलं पुन्हा बदललं की दोन महिन्यांची चूक. त्यासाठी एक चाचणी: १७५२पूर्वीच्या सूचीत '३०/२', '३१/६' किंवा '३१/११' आढळलं, तर तारखा मूळ जुन्या मोजणीतल्याच आहेत, कारण ३० फेब्रुवारी, ३१ जून, ३१ नोव्हेंबर अस्तित्वात नाहीत. उलट '३१/७' किंवा '३०/१२' दिसलं, तर कोणीतरी आधीच बदल केलाय. जुन्या मोजणीत ते ३१ सप्टेंबर आणि ३० फेब्रुवारी होतील. सूची मोठी असेल तर असा एखादा दिवस सहसा सापडतोच. आपल्या टाचणात मात्र मूळ शब्द जसेच्या तसे उतरवावेत आणि बदललेली तारीख शेजारी वेगळी लिहावी.

आता कागद इतका साठला कसा? क्वेकर बाप्तिस्मा करत नव्हते, त्यामुळे गावच्या चर्चच्या वहीत त्यांची मुलं सापडत नाहीत. जन्माची नोंद स्वतःच ठेवायची. त्यात १६६२चा क्वेकरविरोधी कायदा, १६६४ आणि १६७०चे सभाबंदीचे कायदे. चर्चचा दशमांश द्यायला नकार दिला की जप्ती. १६८९च्या सहिष्णुता कायद्याने उपासनेला मोकळीक मिळाली, तरी दशमांशाच्या जप्त्या पुढेही चालू राहिल्या. प्रत्येक छळाची लेखी नोंद करून ती लंडनला पाठवायची शिस्त लागली: कोण, कुठल्या गावचा, कोणाच्या हुकुमाने, किती दिवस तुरुंगात, गुरं गेली की भांडी आणि त्यांची किंमत काय. हा जप्तीचा पंचनामाच म्हणायचा, फक्त ज्याचा माल गेला त्याच्या बाजूने लिहिलेला. जोसेफ बेस या क्वेकर लेखकाने त्यातून निवडून १७५३मध्ये दोन जाड खंड छापले. परगणावार रचना आणि नावांची सूची असल्यामुळे १६५० ते १६८९च्या पूर्वजासाठी सुरुवात तिथून करणं सोयीचं.

१६६७-६८च्या सुमारास फॉक्सने मासिक सभांची घडी बसवली. शेजारच्या काही उपासनासभा मिळून एक मासिक सभा, त्यांच्यावर त्रैमासिक, सर्वांत वर वार्षिक. सदस्यत्व, लग्न, गरिबांना मदत, तंटे, सगळं मासिक सभेत. म्हणून गावाचं नाव कळल्यावर पहिला प्रश्न हाच: ते गाव त्या वर्षी कोणत्या मासिक सभेत होतं? सभा फुटत, जुळत, नावं बदलत. हे न पाहता नोंद नाही म्हणजे माणूस नाही असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. स्त्रियांची सभा वेगळी भरे आणि तिचं इतिवृत्तही वेगळं. सूचीकारांनी पुरुषांच्या वह्या आधी हाताळल्या, त्यामुळे स्त्रियांच्या वह्यांत अजून न चाळलेला मजकूर मिळतो.

लग्नाची पद्धत तर शोधकासाठी सोन्याची खाण आहे. वधूवरांनी दोन लागोपाठ मासिक सभांत उभं राहून मनोदय सांगायचा. आई-वडिलांची संमती लागे. मधल्या महिन्यात नेमलेली माणसं चौकशी करत की दोघांपैकी कोणी दुसरीकडे शब्द दिलेला नाही ना. विधवा असेल तर आधीच्या मुलांच्या हक्काची तरतूद झाली का. मग उपासनासभेत दोघं उभे राहून वचन देत, पाद्री नाही, आणि हजर सगळे दाखल्यावर सह्या करत. जवळचे नातेवाईक बऱ्याचदा वधूवरांच्या नावाखालच्या रकान्यात. पण सही केली म्हणजे क्वेकर असा अर्थ नाही. पंथाबाहेरचे मामा-काकाही सही करत. १७५३च्या विवाह कायद्याने इंग्लंडात चर्चबाहेरची लग्नं बाद ठरवली, त्यातून क्वेकर आणि ज्यू यांना वगळलं होतं.

एक गोम लक्षात ठेवावी: इतिवृत्तातली तारीख सभेची असते, घटनेची नाही. 'लग्न रीतसर पार पडल्याचं कळवलं' या ओळीवरची तारीख लग्नाची समजली की काही दिवस ते महिनाभर चूक पडते.

बून घराण्याकडे परत येऊ, कारण ही सगळी यंत्रणा तिथे एकत्र दिसते. डेव्हनमधल्या ब्रॅडनिंचचा विणकर जॉर्ज बून १७१७मध्ये कुटुंबासह पेनसिल्व्हेनियात आला. ग्विनेडच्या सभेपुढे त्याने कलम्प्टन मासिक सभेचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला ठेवला. या एका ओळीने समुद्रापलीकडचं मूळ सापडतं. गाव सोडताना जुन्या सभेचा दाखला घेऊन नव्या सभेत द्यायचा, ही रीत असल्यामुळे क्वेकर कुटुंबाचा प्रवास सभा ते सभा असा मागे नेता येतो. १७२०मध्ये याच जॉर्जने मुलीच्या बाबतीत चूक कबूल केली: पंथाबाहेरच्या जॉन वेबला तिच्याशी सोयरिकीच्या हेतूने भेटू दिलं. पुढची पिढी, त्याचा मुलगा स्क्वायर. १७४२मध्ये स्क्वायरची मुलगी सारा पंथाबाहेर लग्न करून गेली, तेव्हा त्यानेही सभेत दिलगिरी व्यक्त केली. १७४७मध्ये मुलगा इस्रायल तसाच वागला. या खेपेला मात्र बाप नमला नाही. १७४८मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच एक्झेटर सभेने त्याचं सदस्यत्व काढलं. बायको सदस्य राहिली. १७५०मध्ये कुटुंब दक्षिणेकडे निघालं आणि पुढे नॉर्थ कॅरोलिनात यॅडकिन नदीकाठी स्थिरावलं.

सदस्यत्व काढणं म्हणजे वाळीत टाकणं नव्हे. रोटी-पाणी तुटत नसे, उपासनेला येता येई, बऱ्याचदा दफनही क्वेकर भूमीतच होई. फक्त सभेच्या कारभारात आवाज नसे, आणि, शोधकाला महत्त्वाचं म्हणजे, पुढच्या मुलांच्या नोंदी थांबत. पण हकालपट्टीचा ठराव हीच कधीकधी लग्नाची एकमेव खूण असते. तरुणीचं माहेरचं नाव, 'पाद्र्याकडून लग्न केलं' आणि नवऱ्याचं आडनाव एकाच वाक्यात मिळतं. नंतर माफीपत्र देऊन परत येणारे खूप. म्हणून ठरावापाशी न थांबता पुढची दहा-पंधरा वर्षं चाळावीत. पंथाबाहेर लग्न केल्यावर काढून टाकण्याचा हा नियम इंग्लंडात १८६०च्या सुमारास सैल झाला.

अमेरिकेसाठी विल्यम वेड हिन्शॉ यांचे क्वेकर वंशावळींचे सहा खंड पहिली पायरी आहेत. त्यात सगळं संक्षेपांत: 'जीसीटी' म्हणजे अमुक सभेसाठी दाखला दिला, 'आरओसीएफ' म्हणजे तिथून दाखल्यावर आले, 'एमओयू' म्हणजे पंथाच्या शिस्तीबाहेर लग्न. खंड हा सारांश आहे; चौकशीचे तपशील, कारणं, समिती सदस्य गाळलेले असतात, तेव्हा मूळ इतिवृत्त बघावंच. पेनसिल्व्हेनियातल्या वह्या मुख्यतः स्वार्थमोर आणि हॅव्हरफर्ड या दोन कॉलेजांत आहेत. आणखी दोन सापळे. दाखल्यावर आलेल्या कुटुंबाची सगळी मुलं नव्या वहीत एकाच पानावर चढवली जात, त्यावरून जन्म तिथेच झाला असं धरू नये. आणि १८२७मध्ये हिक्साइट व ऑर्थोडॉक्स अशी फूट पडली. एकाच नावाच्या दोन सभा, दोन वह्या, एकमेकांच्या सदस्यांना काढल्याचे ठराव. अशा ठरावात पूर्वजाचा दोष शोधू नये, तो फक्त दुसऱ्या बाजूला होता.

इंग्लंडातल्या नोंदवह्या १८४०च्या कायद्यानुसार सरकारजमा झाल्या. आज त्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'आरजी ६' या मालिकेत आहेत. देण्याआधी क्वेकरांनी त्यांचा गोषवारा उतरवून घेतला, तो लंडनच्या फ्रेंड्स हाऊसच्या ग्रंथालयात. गोषवारा त्रैमासिक सभांनुसार लावलेला असल्याने शोधायला झटपट, पण त्यात लग्नाच्या साक्षीदारांची नावं नाहीत. नातेवाईक हवे असतील तर मूळ नोंद काढायलाच हवी. १७७६मध्ये छापील नमुने आले. त्याआधी प्रत्येक लेखनिकाची तऱ्हा वेगळी. दफनाच्या नोंदीपुढे 'एनएम' दिसलं तर ती व्यक्ती सदस्य नव्हती.

थडगं शोधत कबरस्तानात जाण्याआधी मात्र या वह्या पाहाव्यात. १७१७मध्ये लंडनच्या वार्षिक सभेने थडग्यांवरचे दगड हा दिखाऊपणा ठरवून काढायला सांगितले, आणि १८५०पर्यंत साध्या, सारख्या दगडांनाही परवानगी नव्हती. लंडनमधल्या बनहिल फील्ड्सच्या क्वेकर भूमीत १६९१मध्ये खुद्द फॉक्सला पुरलं. तिथे हजारो दफनं झाली आणि जवळजवळ सगळी दगडाविना आहेत. नाव, वय आणि दिवस वहीतच आहे, अर्थात महिना आकड्यात.