कॅनरी गप्प का झाला?

पहाटेपासून घर डोक्यावर घेणारा कॅनरी एका आठवड्यात चिडीचूप झाला की घरचे लगेच त्याच्यासाठी जोडीदार आणायला निघतात. जरा थांबा. आधी पिंजऱ्याचा तळ बघा. तिथे पिसं पडलेली असतील तर काळजीचं कारण नाही. विणीचा हंगाम सरला की कॅनरी पिसं बदलतो आणि ते काही आठवडे गाण्याला सुटी असते. नवी पिसं प्रथिनांतूनच बनतात. म्हणून या दिवसांत दाण्यांच्या जोडीला उकडलेल्या अंड्याचा थोडा चुरा द्यावा.

ही सुटी मेंदूतही दिसते. पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक फर्नांडो नोटेबोम यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की नराच्या मेंदूतलं गाण्याचं एक केंद्र शरदापेक्षा वसंतात जवळपास दुप्पट मोठं असतं. दोन वर्षांनी त्यांना आणि स्टीव्हन गोल्डमन यांना प्रौढ कॅनरीच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होताना आढळल्या. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी येत नाहीत, ही तेव्हाची पक्की समजूत होती!

ऋतू बदलल्याचं या पक्ष्याला कळतं ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. दिवाणखान्यात मध्यरात्रीपर्यंत दिवे जळत असतील तर त्याचा दिवस मावळतच नाही, आणि पिसं भलत्याच वेळी गळू लागतात. अंधार पडला की पिंजऱ्यावर कापड टाकावं. सोबत म्हणून दुसरा नर तर आणूच नये, मारामारी ठरलेली. (आणलेला पक्षी पहिल्या दिवसापासून गातच नसेल, तर ती बहुधा मादी आहे.)

पिसं गळत नाहीत, पण पक्षी अंग फुगवून बसलाय, दर श्वासाला शेपटी वरखाली होतेय, रात्रीच्या शांततेत बारीक टिकटिक ऐकू येतेय, तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा. हे श्वासाचं दुखणं आहे. श्वासनलिकेत माइट (अगदी बारीक परजीवी किडे) शिरले तरी असंच होतं. वीसेक ग्रॅमचा हा जीव फार तग धरत नाही.

पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. त्यामुळे ऑक्सिजन भरपूर मिळतो, आणि विषही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून खाणीत कॅनरी न्यायला सुचवलं, कारण एवढ्या छोट्या जिवावर विषाचा परिणाम माणसाआधी दिसतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत टिकली. तुमच्या घरातली खाण म्हणजे स्वयंपाकघर. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला, तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षीही मरू शकतो.

गप्प बसण्याचं आणखी एक कारण इतकं साधं आहे की ते सुचतच नाही: उपासमार. कॅनरी दाणा सोलून आतला गर खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. वाटी वरून काठोकाठ दिसते. रोज सकाळी तिच्यावर हलकी फुंकर मारा. खाली उरतं तेवढंच त्याचं जेवण.